गणित-विज्ञान कट्ट्यावर यायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीतला आमचा कट्टा क्लास नाही, मंडळ नाही, चळवळ तर अजिबात नाही. रविवारी संध्याकाळी एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत गणित आणि विज्ञानाचा नाद असलेली माणसं जमतात. त्यात नववीतली पोरं आहेत, शेतकरी आहेत, बँकेतून निवृत्त झालेले काका आहेत, एमपीएससीचा अभ्यास करून कंटाळलेले आहेत, एखाद-दुसरे प्राध्यापकही आहेत. बसस्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, फोनवर लोक तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून एकदाची उत्तरं लिहून काढली. काही उत्तरं थोडी तिखट आहेत, चालवून घ्या.

माझं गणित कच्चं आहे. आलो तर हसतील का?

या. कट्ट्यावरचे निम्मे लोक हेच वाक्य बोलत आत आलेले आहेत. आमच्यातल्या एका किराणा दुकानदाराला टक्केवारी तोंडी येते, पण फळ्यावर अपूर्णांक लिहिला की त्यांना घाम फुटतो. तरी दर रविवारी पहिली खुर्ची त्यांची. हसणाऱ्याला आम्ही फळा पुसायला लावतो.

वही आणि पेन्सिल आणा. नियम एकच: उत्तर सांगायचं असेल तर रीत दाखवायची.

रीत दाखवायची म्हणजे नेमकं काय?

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, ते आठवत असेल. पुढे पुढे पन्नास वाघिणींच्या एका खेपेत साधारण २५ लाख लिटर पाणी यायचं. कट्ट्यावर प्रश्न निघाला की पावसाच्या हिशेबात हे पाणी किती? एक जण लगेच म्हणाला, ‘लई कमी.’ चूक नव्हतं ते, पण त्याच्यावर पुढे बोलणार काय?

मग अकरावीतली एक मुलगी उठली आणि तिने मांडलं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे २५ मिलिमीटरचा एक चांगला पाऊस एका एकरावर सुमारे १ लाख लिटर पाणी टाकून जातो. दहा हजार लिटरचे दहा टँकर. आणि पन्नास वाघिणींची ती अख्खी गाडी म्हणजे पंचवीस एकरांवर पडलेला एक पाऊस.

आता भांडायला जागा झाली. एक काका म्हणाले, ‘पोरी, काळ्या रानात पहिलं पाणी तर भेगाच पितात. वापरायला कितीक उरतं?’ दुसऱ्याने बाष्पीभवन काढलं. तिसऱ्याने विचारलं, शहराला माणशी किती लिटर धरायचे? प्रत्येकाने रीतीतली एकेक पायरी पकडली आणि तिथे बोट ठेवलं. ‘लई कमी’वर असं बोट ठेवता येत नाही.

प्रश्न विचारायचा असेल तर कसा विचारू?

कसाही विचारा, पण अडलंय कुठे ते सांगा. ‘कृष्णविवर म्हणजे काय?’ असं विचारलं तर तासभराचं भाषण ऐकावं लागेल आणि अर्ध्यात तुम्हाला डुलकी लागेल. त्यापेक्षा ‘सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं तर पृथ्वी आत ओढली जाईल का?’ असं विचारा. याचं उत्तर नाही असं आहे. तेवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराची त्रिज्या जेमतेम ३ किलोमीटर भरेल, आपण गारठून जाऊ, पण वस्तुमान आणि अंतर तेच राहिल्यामुळे पृथ्वी आत्ता फिरते त्याच कक्षेत फिरत राहील. एवढ्या एका प्रश्नातून गुरुत्वाकर्षणाचं जितकं कळतं तितकं त्या भाषणातून कळत नाही.

प्रश्नाबरोबर तुम्ही स्वतः काय करून पाहिलं तेही सांगा. काहीच केलं नसेल तर तसं सांगा, लाज नको.

इंग्रजी येत नाही. चालेल?

पळेल. मोमेंटम म्हणा, संवेग म्हणा, सेमीवाल्या पोरांसारखी खिचडी करा. समोरच्याला कळलं की झालं.

नीट-जेईईचे डाऊट विचारले तर?

लातूर पॅटर्नच्या मुलखात हा प्रश्न येणारच. एखादं गणित खरोखर डोक्यात भुंगा घालत असेल तर आणा. पण ‘सर, याला शॉर्टकट सांगा, उद्या टेस्ट आहे’ यासाठी गल्लोगल्ली क्लासेस आहेत, त्यांची फीही तुम्ही भरलेली आहे. आम्ही एकाच गणितावर दोन रविवार घालवतो. टेस्टच्या दृष्टीने हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे.

शॉर्टकटला आमचा विरोध नाही. ९९७ गुणिले ९८८ पटकन करायचं तर हजाराला कमी पडतात ३ आणि १२. त्यांची बेरीज १५ हजारातून गेली, उरले ९८५. गुणाकार ३६, म्हणून पुढे ०३६. उत्तर ९,८५,०३६. छान! पण हे का जमतं, हा प्रश्न लगेच येईल. कंसातल्या दोन वजाबाक्यांचा गुणाकार उलगडला की दिसतं. तो उलगडून दाखवणाऱ्याला चहा आधी मिळतो.

एखादे सर किंवा वडीलधारे चुकत असतील तर सांगायचं कसं?

ही अडचण खरी आहे. आपल्याकडे सरांना ‘तुमचं चुकलं’ म्हणायला जीभ वळत नाही, आणि म्हणावं असंही नाही. कट्ट्यावर हळूहळू एक पद्धत पडली आहे. ‘सर, तिसऱ्या ओळीवरून चौथीवर कसं आलात ते पुन्हा एकदा सांगता का?’ एवढंच विचारायचं. दहातल्या नऊ वेळा सर सांगता सांगता स्वतःच थांबतात आणि डस्टर उचलतात. दहाव्या वेळी चूक विचारणाऱ्याची निघते आणि त्याचीही अब्रू शाबूत राहते.

माणसाच्या शिक्षणावर, गावावर, जातीवर, वयावर बोलायचं नाही. हे दोनदा झालं तर तिसऱ्या रविवारी त्याच्यासाठी खुर्ची नसते.

मग शेवटी बरोबर कोण, हे कोण ठरवतं?

गणितात सिद्धता ठरवते. विज्ञानात मोजमाप ठरवतं, आणि मोजमापावर कितपत विसंबायचं हे त्यातली चूक किती त्यावर ठरतं. हे दुसरं वाक्य बोलायला सोपं आहे, म्हणून आम्ही नव्या माणसाला काठी धरायला लावतो.

प्रयोग जुना आहे, एरॅटोस्थेनिस या प्राचीन ग्रीक विद्वानाचा: सावल्या मोजून पृथ्वीचा परीघ काढायचा. २० किंवा २१ मार्चला, दिवस-रात्र सारखे असताना, एक जण संभाजीनगरात आणि एक जण लातुरात एक मीटरची काठी उभी करतो आणि दुपारची सगळ्यात आखूड सावली मोजतो. घड्याळात बारा वाजता नव्हे हं! भारताची वेळ ८२.५ अंश रेखांशावर बेतलेली आहे आणि आपण तिच्या बरेच पश्चिमेला. त्या दिवशी संभाजीनगरात सूर्य माथ्यावरची रेषा साधारण १२ वाजून ३६ मिनिटांनी ओलांडतो, लातुरात पाचेक मिनिटं आधी. संभाजीनगरात सावली सुमारे ३६.२ सेंटिमीटर भरायला हवी, लातुरात ३३.३. कोनात मांडलं तर १९.९ अंश आणि १८.४ अंश. फरक दीड अंशाचा. दोन्ही शहरांमधलं उत्तर-दक्षिण अंतर नकाशावर सुमारे १६५ किलोमीटर येतं (एसटीच्या तिकिटावरचं अंतर घेऊ नका, रस्ता वळणं घेत आणि तिरपा जातो). दीड अंशाला १६५, तर ३६० अंशांना किती? ३९,६००. ध्रुवांवरून मोजलेला पृथ्वीचा परीघ ४०,००८ किलोमीटर आहे.

कागदावर हे असं सुंदर येतं. गच्चीवर नाही येत. पहिली गोष्ट, गच्चीला पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून उतार दिलेला असतो, तो डोळ्यांना दिसत नाही पण सावलीला कळतो. दुसरी, काठी सरळ आहे असं वाटतं, गवंड्याचा ओळंबा लावला की ती कललेली निघते. तिसरी गोष्ट सगळ्यात मजेची. सूर्य हा ठिपका नाही, आकाशात त्याची अर्ध्या अंशाची थाळी आहे, त्यामुळे सावलीचं टोक धूसर असतं. एक मीटरच्या काठीला ही धूसर पट्टी सुमारे एक सेंटिमीटर रुंद येते. तुम्ही तिच्या कुठल्या कडेला खूण केली? अर्धा सेंटिमीटर इकडचा तिकडे झाला की दीड अंशाचे सव्वा अंश होतात आणि पृथ्वी ४७,५२० किलोमीटरची होऊन बसते. उपाय सोपा आहे. काठीच्या टोकाला बारीक भोक पाडलेला पुठ्ठा लावा. खाली सूर्याची गोल प्रतिमा पडते, तिचा मध्य मोजा.

हे एकदा केलेला माणूस नंतर कुणाचीही आकडेवारी ऐकली की आधी विचारतो, कशी मोजली?

बिनसावलीचा दिवस आपल्याकडे कधी असतो?

वर्षातून दोनदा, भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली दिसेनाशी होते तेव्हा. लातूरला साधारण १३ मे, परभणीला १७ मेच्या आसपास, संभाजीनगरला १९-२० मे. पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवडाभरात, पण तेव्हा ढग असतात. मेमध्ये परभणीत वेळ धरा दुपारी १२ वाजून १९ मिनिटं. पाण्याची टाकी, खांब, मुसळ, काहीही सरळ उभं असलेलं चालतं.

आमच्या गावचा पाणाड्या नारळावर पाणी दाखवतो आणि ते लागतं. त्यावर कट्ट्याचं म्हणणं काय?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त आवाजही यालाच चढतो. बोअरला लाखभर रुपये घालायचे असतात, त्यामुळे कुणी गंमत म्हणून विचारत नाही.

आधी एक गोष्ट. पाणाड्याला लबाड म्हणायचं नाही. तळहातावरचा नारळ उभा होतो किंवा कडुलिंबाची फांदी खाली वाकते, तेव्हा बहुतेकदा त्याला स्वतःलाही ती आपण हलवली असं वाटत नसतं. मनात अंदाज असला की हाताचे स्नायू नकळत हलतात, हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे. शिवाय त्याने पन्नास वर्षं रानं पाहिलेली असतात. ओढा कुठून वाहतो, उंबर कुठे हिरवा राहतो, शेजाऱ्याची विहीर कधी आटते, हे त्याच्या डोक्यात पक्कं असतं.

आता ‘लागतं’ या शब्दाकडे या. आपल्याखाली बेसाल्ट आहे, लाव्ह्याचे थरावर थर. पाणी वरच्या मुरुमात, झिजलेल्या खडकात, भेगांमध्ये आणि दोन थरांच्या सांध्यात साठतं. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी खोल गेलं की थोडंफार ओलं लागतंच. मेपर्यंत टिकेल इतकं लागलं का, हा खरा प्रश्न, आणि तो मोजून कुणी ठेवत नाही. कोरडं गेलेलं बोअर दगड ठेवून झाकलं जातं आणि त्याची गोष्ट कुणी सांगत नाही.

पारख करायची असेल तर अशी करा. दहा ड्रम, पाचांत पाणी, पाच रिकामे, सगळ्यांवर पोती. कुठल्यात पाणी आहे हे ज्याला माहीत आहे त्याने तिथे थांबायचं नाही, नाहीतर त्याच्या चेहऱ्यावरून कळतं. आधी झाकण न घालता पाणाड्याला करून पाहू द्या, म्हणजे ‘आज नारळ चालत नाही’ ही तक्रार राहत नाही. मग झाका, ड्रमची अदलाबदल करा आणि पाच ड्रम निवडायला सांगा.

गणित इथे येतं. दहातून पाच निवडण्याचे प्रकार २५२. डोळे मिटून निवडले तरी पाचही बरोबर येण्याची शक्यता २५२ मध्ये एक. पण तीन किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता किती? मोजून पाहा: १०० अधिक २५ अधिक १, म्हणजे १२६. बरोब्बर निम्मी! नाणं उडवण्यासारखं. म्हणून ‘पाचातले तीन तर बरोबर आले की राव’ याला काही अर्थ नाही. चार किंवा जास्त हवेत असं धरलं तरी दहात एकदा नुसत्या नशिबाने जमतं. किती बरोबर आले तर मानायचं, हे ड्रम उघडण्याआधी ठरवून वहीत लिहायचं. उघडल्यावर ठरवलं की माणूस स्वतःच्या सोयीने ठरवतो, मग तो पाणाड्या असो की प्राध्यापक.

विजेशिवाय चालणारा पंप बनवलाय. दाखवू का?

दाखवा, पण बॅटरी काढून अर्धा तास चालवून दाखवा. मोटर जनरेटरला फिरवते आणि जनरेटर मोटरला वीज देतो, वर जड चाक, असं यंत्र घेऊन येणारे भेटतात आणि त्यांच्या वेल्डिंगचं मला खरोखर कौतुक वाटतं. पण पाच हॉर्सपॉवरच्या पंपाला सेकंदाला सुमारे ३,७३० जूल ऊर्जा लागते आणि ती कुठून तरी यावीच लागते. चाक फक्त साठवतं, तयार करत नाही. गुंतवणूकदार शोधायला येऊ नका. आम्ही वर्गणी काढून चहा पिणारी माणसं आहोत.

माझ्याकडे नवीन सूत्र आहे, पण डिग्री नाही. ऐकून घेतील का?

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर देवळालीला शाळेत शिकवायचे. १९४९ मध्ये त्यांनी जे मांडलं ते आज जगभर त्यांच्या नावाने ओळखलं जातं. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, चढत्या क्रमाने लिहा, वजा करा, पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० उणे ०३७८, आले ८३५२. मग ८५३२ उणे २३५८, आले ६१७४. पुढे ६१७४ च येत राहते. कुठूनही सुरुवात करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच पोचता. त्यांच्याकडेही संशोधनाची पदवी नव्हती, त्यामुळे डिग्री विचारायला आम्ही कोण?

मात्र सूत्राबरोबर एक काम करून या. ते खोटं पाडायचा स्वतः प्रयत्न करा. मोठ्या संख्या घालून बघा, शून्य घालून बघा, ऋण संख्या घालून बघा. पाच उदाहरणांत जमलं म्हणजे सिद्ध झालं असं होत नाही.

आणि पट्टी-कंपासने कोनाचे तीन समान भाग केले असतील, तर आधीच सांगतो. १८३७ मध्ये वान्टझेल या फ्रेंच गणितज्ञाने दाखवून दिलं आहे की कुठल्याही कोनासाठी चालेल अशी रचना होऊच शकत नाही. ‘अजून कुणाला सापडली नाही’ आणि ‘असूच शकत नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुमच्या आकृतीत तीन भाग अगदी सारखे दिसत असतील, पण पेन्सिलीच्या टोकाला तेवढं दिसत नाही.

खरोखर न सुटलेलं काही हवं असेल तर हे घ्या. संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा. शेवटी नेहमी १ च येतो का? कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही. २७ घेऊन सुरू करा. वर ९,२३२ पर्यंत चढते आणि १११ पायऱ्यांनी १ वर उतरते. वही मोठी घ्या.

औंढ्याच्या लायगोतून किरणं निघतात का? शेतीला काही होईल का?

नाही. लायगो ही गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा. ती काही सोडत नाही, नुसती ऐकते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी ४ किलोमीटरची, आत निर्वात नळी आणि तिच्यात लेसर. दूरवर दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाश थरथरतं आणि एक भुजा किंचित लांब, दुसरी किंचित आखूड होते.

किंचित म्हणजे किती, हे फळ्यावर करण्यासारखं आहे. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या दोन लायगोंनी पहिल्यांदा अशी लहर पकडली, तेव्हा लांबीतला बदल १ भागिले १० चा २१ वा घात, एवढ्या प्रमाणात होता. चार किलोमीटरला तो लावा. प्रोटॉनच्या व्यासाचा सुमारे चारशेवा भाग येतो. म्हणूनच जागा निवडताना जमीन शांत हवी, जवळ मोठी रेल्वे, कारखाने, खाणी नकोत, असं सगळं पाहावं लागतं. ती आपल्याला त्रास देईल याची काळजी नको, आपण तिला त्रास देऊ अशी शास्त्रज्ञांना काळजी.

भूकंप आधी सांगता येतो का?

अमक्या दिवशी, अमक्या ठिकाणी, असा सांगता येत नाही. जो सांगतो त्याला या विषयावर कट्ट्यात बोलू देत नाही, कारण इथे किल्लारीकडून आलेली माणसं बसतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बुडवून लोक झोपलेले असताना, ६.२ तीव्रतेचा धक्का बसला आणि दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वरची जड माळवदं अंगावर आली. धक्का थांबवता येत नाही, भिंत कशी बांधायची ते ठरवता येतं. चर्चा त्यावर करू.

आकड्यांबद्दल एक. ६.२ आणि ४.५ ऐकायला जवळ वाटतात. पण तीव्रता एकाने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. २०२४ मध्ये हिंगोली-नांदेड-परभणीकडे साडेचारचा धक्का जाणवला होता. किल्लारीची ऊर्जा त्याच्या सुमारे साडेतीनशे पट होती.

हवामान खातं म्हणतं सरासरीच्या १०५ टक्के. मग आमच्या शिवारात का नाही?

कारण ते सगळ्या देशाचं सांगतात. जून ते सप्टेंबरची देशाची दीर्घकालीन सरासरी ८७ सेंटिमीटर आहे, त्यात चेरापुंजीही आली आणि आष्टी-पाटोदाही. शिवाय एकूण बेरीज बरोबर आली तरी मधे महिनाभराचा खंड पडला की सोयाबीन गेलंच. गावातल्या शाळेत पर्जन्यमापक लावून रोज सकाळी साडेआठला नोंद करा. तीन-चार वर्षांनी तुमच्याकडे तुमच्या शिवाराचं स्वतःचं उत्तर असेल.

दुर्बीण कुठली घेऊ?

आत्ता कुठलीच नको. आधी सहा महिने नुसत्या डोळ्यांनी बघा. परभणीपासून दहा-पंधरा किलोमीटर बाहेर पडलं तरी हिवाळ्यात आकाश मजबूत भरलेलं असतं. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला तोंड करून हात लांब करा, क्षितिजावर मुठीवर मूठ ठेवा. दोन मुठींच्या जरा खाली झळकतो तो अगस्त्य. युरोपातल्या बहुतेक हौशी लोकांना हा तारा घरून दिसतच नाही.

मग द्विनेत्री घ्या, १० बाय ५०, म्हणजे दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची. गुरूचे चार चंद्र दिसतात, देवयानीची दीर्घिका दिसते. खोक्यावर ‘५०० पट’ लिहिलेल्या दुर्बिणीला हात लावू नका. भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुपटीच्या वर वाढवलेली पट फक्त धूसर प्रतिमा देते. ६० मिलिमीटरला १२० पट, पुढे धुकं.

आपल्या पूर्वजांना हे सगळं आधीच माहीत होतं ना?

काय माहीत होतं ते दाखवा, डोक्यावर घेऊन नाचू. कन्नडचा घाट उतरलं की चाळीसगावजवळ पाटण लागतं. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, त्याला १२०७ मध्ये दिलेल्या दानाचा शिलालेख तिथे आहे. हे भास्कराचार्य ११५० मध्ये एक समीकरण सोडवतात: एका पूर्ण वर्गातून दुसऱ्या वर्गाची ६१ पट वजा केली तर १ उरायला हवा. सगळ्यात लहान उत्तर काय? पहिली संख्या १७६,६३,१९,०४९, दुसरी २२,६१,५३,९८०. अंदाजाने हे सापडत नाही, त्यांच्याकडे चक्रवाल नावाची रीत होती आणि तीच त्यांनी लिहून ठेवली. पाचशे वर्षांनी फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने हेच कोडं युरोपातल्या गणितींना घातलं.

या माणसाचा अभिमान बाळगायचा तर चक्रवाल शिकावी लागते. आम्ही दोन रविवारांत शिकवतो. विमानं आणि अणुबाँबच्या गोष्टींना मात्र रीत विचारली जाईल. पत्रिका जुळवून देत नाही. ग्रहण असलं की बाहेर येऊन योग्य चष्म्यातून बघतो आणि खातोही.

मुलगी येते म्हणते. किती वाजता संपतं?

दिवेलागणीला. आकाशदर्शनाला रात्र होते, तेव्हा घरातल्या कुणीतरी सोबत यायचं, मुलगा असो की मुलगी. सोबत आलेल्या कितीतरी आया आता स्वतःसाठी येतात.

एआयने दिलेलं उत्तर आणलं तर?

आणा. फक्त मोबाईल खिशात ठेवून खडूने मांडा. जिथे अडाल तिथून चर्चा सुरू.

वर्गणी? प्रमाणपत्र?

चहाचे पैसे. प्रमाणपत्र नाही, आणि मागणाऱ्याला पुढच्या रविवारी ग्लास धुवायचं काम.

नुसतं ऐकायला आलो तर चालेल?

वर्षभर ऐका. काही जण असेच असतात आणि एखाद्या दिवशी असा प्रश्न टाकतात की प्राध्यापक मंडळी खुर्चीत सावरून बसतात.

आमच्या गावात असा कट्टा काढायचाय. काय लागतं?

फळा, खडू, चार माणसं. पाटी-माईक-उद्घाटन यात पडू नका, पाहुणे बोलवू नका, नाहीतर सत्कारातच संध्याकाळ जाते. २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन किंवा २२ डिसेंबरचा गणित दिन येईपर्यंत थांबायची गरज नाही. पहिल्या रविवारी ६१७४ करा, लहानांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना जमतं. दुसऱ्या रविवारी गावच्या तळ्यात किती लिटर पाणी मावतं याचा अंदाज करा आणि प्रत्येकाचा आकडा रीतीसह भिंतीवर लावा. तिसऱ्या रविवारपर्यंत कुणीतरी पाणाड्याचा विषय काढेलच. ड्रम आणि पोती तयार ठेवा.